चार चाकं, चार वेगळी कारणं: १९५७ च्या मॉरिस मायनरचे जाम ब्रेक

गाडी मॉरिस मायनर १०००, मॉडेल १९५७, इंजिन ९४८ सीसी, रंग मूळचा हिरवट राखाडी. मालक पुण्यातले एक निवृत्त काका, गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती बरीच वर्षं अलिबागजवळच्या घरी खाडीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, हँडब्रेक ओढलेला, टायर बसलेले, आणि वर कोकणातला पावसाळा दरवर्षी. मग काकांनी ती पुण्यात आणली, एका गॅरेजवाल्याकडून इंजिन चालू करून घेतलं, त्यानेच ब्रेक "मोकळे" करून दिले, पुढच्या चाकांना नवे शू (फिरत्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) टाकले आणि गाडी काकांच्या ताब्यात दिली.

शहरात दोन-चार किलोमीटर ठीक चालायची. मग काका वाईला निघाले. शिरवळ सोडल्यावर गाडी ओढेनाशी झाली, त्यांना वाटलं कार्बोरेटर, खंबाटकी चढताना तर पहिल्या गिअरवर आली आणि जळका वास यायला लागला. बाजूला घेतली तर ब्रेकचं पेडल अगदी वर आलेलं, दगडासारखं कडक, आणि पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. घाटात उतारावर दगड लावून थांबले, बऱ्याच वेळाने गाडी थंड झाली तशी आपोआप मोकळी झाली आणि ते हळूहळू परत आले. "आता घरी आणून लावलीये, तुम्ही येऊन बघा, मी काही चालवणार नाही," असा फोन आला.

त्यांच्या बोलण्यात निदानाचा निम्मा भाग होता. गरम झाल्यावर धरतात, थंड झाल्यावर सोडतात, आणि पेडल खाली जायच्या ऐवजी वर येतं. नुसता गंज असता तर गार पडल्यावर चाक सुटलं नसतं. म्हणजे कुठेतरी ब्रेकचं तेल (ब्रेक फ्लुइड) अडकतंय, तापलं की फुगतंय आणि त्याला परत जायला वाट नाही. आधीच्या गॅरेजने चाकं बघितली होती, पण तेल परत जायची वाट बघितलीच नव्हती.

पुढचं नीट कळायला या गाडीचे ब्रेक कसे आहेत ते सांगतो. १९६२ च्या आधीच्या मायनरला चारही चाकांना ७ इंची ड्रम आहेत, लॉकहीड कंपनीची हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी सिस्टीम. पुढे प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर, एकेक शू ढकलायला एकेक, म्हणजे गाडी पुढे जाताना दोन्ही शू ड्रमच्या फिरण्याबरोबर आत ओढले जातात आणि चांगले धरतात. मागे प्रत्येकी एकच सिलिंडर. एकूण सहा व्हील सिलिंडर आणि त्या सगळ्यांना एकच मास्टर (पेडल दाबलं की सगळ्यांकडे तेल ढकलणारा मुख्य सिलिंडर), एकच सर्किट. तो मास्टर बोनेटखाली नाही, ड्रायव्हरच्या पायाखाली चासीच्या पोकळ बीममध्ये बसवलाय, तेल घालायला कार्पेट उचलून फ्लोअरमधलं झाकण काढावं लागतं. ज्यांनी मायनर आयुष्यात उघडलेली नाही ते तिथपर्यंत जातच नाहीत आणि इथेही तेच झालं होतं. (अँबॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली तिचं हे धाकटं भावंड, आपल्याकडे बेबी हिंदुस्तान म्हणून निघाली ती याच मायनरवरची, त्यामुळे जुन्या फिटर लोकांना ही सिस्टीम परकी नसायची. आता ते हात कमी झालेत.)

गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली आणि आधी काहीही न उघडता हाताने चाकं फिरवली. पुढची दोन्ही फिरत होती पण जड. मागचं डावं पूर्ण जाम. मागचं उजवं एकदम मोकळं, इतकं मोकळं की मला तेच आवडलं नाही. काकांना आत बसवून पेडल दाबायला लावलं, तर मागचं उजवं दाबूनही फिरतंच! जाम ब्रेक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर न फिरणारं चाक येतं, पण सिलिंडरचा पिस्टन मागे असताना आतल्या आत धरला की चाक मस्त फिरतं आणि ब्रेक कधीच लागत नाही. अशा चाकाला ना वास येत ना आवाज, तक्रार करणारं काही नसतं. आणि या गाडीत त्याचा आणखी एक पैलू आहे, पुढचे दोन्ही शू पुढे जातानाच जोरात धरतात, गाडी मागे घरंगळायला लागली की त्यांची पकड खूप कमी होते. तेव्हा भिस्त मागच्या चाकांवर. काका घाटात उतारावर उभे होते तेव्हा त्यांच्या मागच्या दोन चाकांपैकी एकाला ब्रेकच नव्हता. चाकामागे दगड लावायचं त्यांना सुचलं ते फार बरं झालं.

आता अडकलेलं तेल शोधायचं. काकांना सांगितलं, पेडल सलग जोरात दाबा-सोडा, दाबा-सोडा. प्रत्येक वेळी पेडल थोडं वर येत गेलं आणि शेवटी कडक झालं, पुढची दोन्ही चाकं घट्ट धरली, पेडल सोडलं तरी सुटेनात. खंबाटकीतली स्थिती थंड गाडीवर जागेवरच तयार झाली. मग मास्टरच्या तोंडाशी असलेला पाइपचा नट जरासा ढिला केला. तेलाची चिळकांडी आली आणि पुढचं डावं चाक लगेच मोकळं झालं. उजवं नाही झालं. मग उजव्या चाकाचं ब्लीडिंग निपल (लाइनमधली हवा आणि तेल बाहेर काढायचं छोटं तोंड) उघडलं, तिथून पुन्हा चिळकांडी, आणि मग तेही सुटलं.

या दोन चिळकांड्यांमध्ये सगळं आलं. डावं चाक मास्टरजवळ दाब सोडल्यावर मोकळं होतं म्हणजे दाब मास्टरच धरून ठेवतोय. उजवं तिथे दाब सोडूनही मोकळं होत नाही म्हणजे मास्टर आणि चाक यांच्या मध्ये आणखी एक अडथळा आहे, आणि तिथे संशय घ्यायला एकच वस्तू उरते, रबरी होज, म्हणजे तेल नेणारी लवचिक नळी. एक लक्षात ठेवा, ड्रम ब्रेकच्या मास्टरमध्ये टोकाला एक व्हॉल्व्ह असतो आणि तो लाइनमध्ये थोडासा दाब मुद्दाम ठेवतो, त्यामुळे निपल उघडल्यावर थोडं तेल उडालं म्हणून लगेच दोष काढायचा नाही. चाक सुटलं का नाही ते बघायचं.

मागच्या डाव्या चाकाचं निपल उघडलं तरी काही फरक नाही, पेडलचा आणि त्याचा संबंधच नाही. म्हणजे तिथलं प्रकरण तेलाचं नाही, लोखंडाचं.

काकांना म्हटलं, "काका, यात एक दोष नाहीये, प्रत्येक चाकाचं कारण वेगळं आहे. शू बदलून, तेल बदलून भागणार नाही, मास्टरसकट सगळं बाहेर काढावं लागेल." काका म्हणाले, "काढा, पण बाबांची गाडी आहे, जे मूळचं राहू शकतं ते राहू द्या." हे मला मान्य होतं, फक्त एक अट घातली की ब्रेकमध्ये मूळ आणि सुरक्षित यातलं एकच निवडायची वेळ आली तर मी विचारणार नाही.

मागच्या डाव्यापासून सुरुवात केली. ड्रमचे दोन काउंटरसंक स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने सुटले, ॲडजस्टर ड्रमच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून पूर्ण मागे घेतला, हँडब्रेकची केबल लिव्हरकडून सोडली, तरी ड्रम ढिम्म. इथे घाई करून मागच्या प्लेटमध्ये टॉमी घालून उचकटायचा मोह होतो, तसं केलं की प्लेट वाकते आणि नंतर शू कायमचे तिरके बसतात. हबच्या कडेने गंज सोडवायचं तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ड्रम फिरवत फिरवत चारी बाजूंनी ठोके दिले. ड्रम कास्ट आयर्नचा, कडेवर सरळ हातोडा मारला की टवका उडतो. आला शेवटी, पण एका शूचं लायनर (ड्रमला घासणारा वरचा थर) ड्रमलाच चिकटून राहिलं. हँडब्रेक ओढून ओल्या हवेत उभी ठेवलेल्या गाडीत हे होतंच, लायनर आणि ड्रम यांच्या मध्ये गंज धरतो आणि तोच डिंकाचं काम करतो.

आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की परत निघत नाही. पाण्याचा फवारा मारून ओलं करायचं, फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, तोंडाला चांगला मास्क. माझ्याकडच्या पोरांना मी याबाबतीत सूट देत नाही.

मायनरच्या मागच्या सिलिंडरची रचना मला फार आवडते पण गंजायला ती तितकीच सोयीची आहे. सिलिंडरला पिस्टन एकाच बाजूला. पिस्टन एक शू ढकलतो आणि सिलिंडरची बॉडी उलट्या बाजूला सरकून दुसरा शू ढकलते, म्हणून ती बॉडी मागच्या प्लेटच्या खाचेत सैल बसवलेली असते, सरकायलाच पाहिजे. हँडब्रेकचा लिव्हरही त्याच बॉडीत. इथे बॉडी खाचेत गंजाने वेल्डिंग केल्यासारखी बसली होती आणि हँडब्रेक लिव्हरची पिन त्याच्याच सोबत, केबल आतून गंजलेली, त्यामुळे लिव्हर सोडला तरी चाकाकडे केबल ओढलेलीच राहिली होती. बॉडी बाहेर काढल्यावर खाचेच्या कडा कानशीने साफ केल्या, गंजाचे पापुद्रे काढले, नवीन सिलिंडर तेल न लावता नुसता हाताने मागे-पुढे सरकतोय का बघितलं. हाताने सरकला तरच पुढचं काम. मग खाचेला अगदी पातळ ब्रेकचं खास ग्रीस. दोन्ही चाकांच्या केबल वेगवेगळ्या असतात, दोन्ही नव्या टाकल्या.

मागच्या उजव्याचा पिस्टन अपेक्षेप्रमाणे आतच धरलेला. असे पिस्टन काढायला बरेच लोक हवा मारतात, ते धोक्याचं आहे, सुटला तर गोळीसारखा सुटतो. ग्रीस गन वापरा. आमच्या भोसरीच्या लेथवाल्याने एक छोटा अडॅप्टर करून दिलाय, एका टोकाला ब्रेक पाइपचा आटा, दुसऱ्या टोकाला ग्रीस निपल. सिलिंडर व्हाइसमध्ये धरायचा, ब्लीडिंग निपल बंद, आणि गनचा दांडा हळूहळू मारायचा. ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन उडत नाही, इंच इंच बाहेर येतो. दोन-तीन दांडे काहीच झालं नाही, मग बारीक कट्ट असा आवाज आला आणि पिस्टनची कड वर सरकली. बाहेर आल्यावर दिसलं, ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर पांढरी कडक पूड जमलेली, बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) खालच्या बाजूला तपकिरी पट्टा, आणि बरोबर त्या पट्ट्यात नखाला लागतील असे खड्डे. साधं ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं आणि खाडीकाठी उभ्या गाडीत ते पाणी मुरलेलं तेल याच जागी वर्षानुवर्षं साचून राहिलं होतं. आणि हो, ग्रीस गन वापरली की तो सिलिंडर पुन्हा लावायचा असेल तर ग्रीसचा थेंबही आत राहता कामा नये, स्पिरिटने धुवायचा, रबर तर सगळं फेकायचंच.

ग्रीसचं इतकं सांगायचं कारण पुढच्या चाकांत दिसलं. तिथे आधीच्या गॅरेजने सिलिंडर उघडून नवे रबर कप (पिस्टनशी तेल अडवून धरणारे सील) टाकले होते, पण बसवताना नेहमीचं पिवळं ग्रीस लावलेलं. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही चालत नाही, फुगतं. चारही कप बोटात धरले तर लिबलिबीत, ओठ बाहेर वळलेले, बोअरमध्ये घट्ट, म्हणून पुढची दोन्ही चाकं कायम जड. बसवताना ब्रेक फ्लुइडच लावायचं किंवा ब्रेकसाठी मिळणारं वेगळं लाल रबर ग्रीस.

सिलिंडर होन करून (आतून घासून गुळगुळीत करून) ठेवायचे, लेथवर स्लीव्ह (आतून बसवलेली नवी नळी) मारायची का नवे घ्यायचे? माझं मत असं, डाग पॉलिश पेपरने जात असेल आणि नखाला काही लागत नसेल तर होन करून कप बदलून चालतं, पण कप जिथे फिरतो तिथे खड्डा असेल तर होन करून तो जात नाही, बोअर मोठा होतो आणि कप सैल पडतो. मग स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह, किंवा नवा. मायनरच्या बाबतीत भाग्य असं की इंग्लंडात या गाड्या अजून इतक्या चालतात की व्हील सिलिंडर, होज, रबर किट सगळं नवं मिळतं. तिकडे १९४८ ते १९७१ इतकी वर्षं ही गाडी निघाली, दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. म्हणून सहाही सिलिंडर नवेच मागवले, कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरूनसुद्धा मला तेच पटलं. एखादी दुर्मिळ गाडी असती तर स्लीव्हच मारली असती, चांगल्या लेथवाल्याची स्लीव्ह नव्या सिलिंडरइतकीच टिकते.

उजवी होज कापून बघितली, काकांनाही दाखवली. बाहेरून काळी, ठीकठाक, एक तडाही नाही. आतलं भोक सुजून जवळजवळ बंद. पेडलच्या जोराने तेल आत घुसायचं पण शूच्या स्प्रिंगच्या जोरात तेवढी ताकद नसते की ते परत ढकलेल. तिन्ही होज बदलल्या. लोखंडी पाइप क्लिपांखाली गंजलेले होते, ते काढून ३/१६ इंची तांबे-निकेलचे टाकले, वाकवायला सोपे आणि गंजत नाहीत.

आणि मास्टर. तो चासीत आडवा दोन बोल्टवर बसतो आणि बोल्ट बाहेर ओढायला गेलं की पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) नेमका आडवा येतो. गाडी नीट टेकवून बारचा ताण उतरवूनच ते काम करायचं, त्या बारमध्ये अख्ख्या पुढच्या चाकाचा जोर भरलेला असतो. म्हणूनच कुणी त्याला हात लावत नाही. मास्टर उघडला तर आत चहाच्या रंगाचा चिकट राळ. मास्टरच्या वरच्या तेलाच्या टाकीतून बोअरमध्ये दोन भोकं उतरतात, एक मोठं आणि त्याच्यापुढे एक सुईच्या टोकाएवढं. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की कप त्या बारक्या भोकाच्या मागे जातो आणि लाइनमधलं जास्तीचं तेल तिथून टाकीत परत जातं. ते भोक राळेने ठार बंद. त्यामुळे प्रत्येक दाबाला टाकीतून थोडं तेल पुढे यायचं आणि परत जायला वाट नाही, पेडल वर, शू घट्ट, ड्रम गरम, तेल आणखी फुगलेलं. खंबाटकीचं मूळ तिथे होतं.

ते भोक ड्रिलने उघडू नका, आतून कड उठते आणि ती कड नव्या कपचा ओठ कापते. तांब्याची एकच बारीक तार, स्पिरिट, आणि उजेडाकडे धरून बघायचं. बॉडी आतून चांगली निघाली, नखाला काही लागलं नाही, त्यामुळे काकांची इच्छा इथे पूर्ण झाली, बाबांच्या गाडीचा मूळ मास्टर नव्या रबर किटसह परत बसला. बसवताना बोल्ट उलट्या बाजूने घातले, म्हणजे पुढच्या वेळी टॉर्शन बारला हात लावायला नको. पुशरॉड (पेडलचा जोर पिस्टनला देणारा दांडा) आणि पिस्टनमध्ये थोडी मोकळीक आहे ना ते हाताने तपासलं, ती नसेल तर कप पुढेच राहतो आणि साफ केलेलं भोकही झाकलेलं राहतं.

तेल डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेकच्या तेलाची प्रत). सीलबंद असताना त्याचा उकळबिंदू कमीत कमी २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो, डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही म्हणून काही जण जुन्या गाड्यांना सुचवतात, पण आत शिरलेलं पाणी मग वेगळं खाली जाऊन बसतं आणि आपल्या हवेत मला ते नको वाटतं. शिवाय पुढे कुणी चुकून साधं तेल ओतलं तर दोन्ही मिसळत नाहीत.

शूला लायनर चिकटवून, दोन ड्रम लेथवर हलके फेस करून, हवा काढली ती मास्टरपासून सगळ्यात लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून. पुढे प्रत्येक चाकाला दोन ॲडजस्टर, दोन्ही करायचे, चाक धरेपर्यंत आत आणि मग एक घर मागे. नंतर पुन्हा तीच परीक्षा, पेडल सलग दाबा-सोडा, आणि चारही चाकं हाताने. पेडल वर चढलं नाही, चाकं लगेच सुटली.

आधी सोसायटीतल्या रस्त्यावर, मग कात्रजच्या चढावर नेली, मी चालवली आणि काका शेजारी. वर थांबून चारही ड्रमजवळ हात नेला, पुढचे कोमट, मागचे त्याहून कमी, डावं-उजवं सारखं. येताना उतारावर ब्रेक मारला तर गाडी किंचित डावीकडे जायची, उजवे पुढचे शू अजून ड्रमला पूर्ण बसले नव्हते, शेदोनशे किलोमीटर झाल्यावर ॲडजस्टर पुन्हा एकदा घेतले तेव्हा ते गेलं.

काकांना दोन गोष्टी लिहून दिल्या आणि त्यांनी त्या फ्लोअरच्या झाकणावर आतून चिकटवल्यात. तेल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, गाडी चालली असो वा नसो. आणि गाडी उभी ठेवताना हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, दर पंधरवड्याला थोडी चालवून प्रत्येक वेळी ब्रेक चार-सहा वेळा जोरात मारायचे. मधल्या काळात ते वाईला जाऊन आले, सकाळी गेले आणि संध्याकाळी बोगद्यातून परत.